वजनदारांची चाकं : वाचकांचे प्रश्न

मागच्या एका अंकात मी सहज लिहून गेले, की माझं वजन ९६ किलो आहे आणि गेल्या सहा वर्षांत माझ्या मागच्या चाकाची एकही तार तुटलेली नाही. ब्रेक, गिअर आणि सीट या तिन्हींवर मिळून वर्षभरात आली नव्हती तेवढी पत्रं त्या एका वाक्यावर आली. त्यामुळे या महिन्याचं सदर फक्त चाकांचं. ज्यांचं वजन साठ किलो आहे त्यांनीही वाचायला हरकत नाही, त्यांच्या कॅरिअरवर कधीतरी तांदळाचं पोतं बसणारच आहे.

भाषेबद्दल आधीच सांगते. साताऱ्याला आमचं सायकलचं दुकान होतं, दुरुस्तीचं आणि तासावर भाड्याने सायकली देण्याचं. तिथे स्पोकला तार म्हणत आणि वाकडं चाक सरळ करण्याला आऊट काढणं. मला दुसरे शब्द सुचत नाहीत.

माझं वजन ११८ किलो. दहा महिन्यांपूर्वी हायब्रिड सायकल घेतली. ऑफिसला जाऊन-येऊन रोज २२ किलोमीटर होतात. गेल्या दीड महिन्यात मागच्या चाकाच्या चार तारा तुटल्या. दुकानदार दर वेळी एक नवी तार टाकून आऊट काढून देतो आणि म्हणतो, "साहेब, वजन कमी करा." सगळ्या तारा जाड टाकल्या तर प्रश्न सुटेल का?
— वाचक, पुणे

वजन कमी करायचं की नाही ते डॉक्टर सांगतील. सायकलवाल्याचं काम चाक नीट बांधून देण्याचं.

वजनाने तार ताणली जाते आणि म्हणून तुटते, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात उलटं घडतं. चाक बांधताना प्रत्येक तार ओढून ताठ केलेली असते. मागच्या चाकात साखळीच्या बाजूची तार शंभर-सव्वाशे किलोच्या ओढीत असते. तुम्ही सीटवर बसलात की रस्त्याजवळच्या तीन-चार तारांची ओढ कमी होते, वरच्या तारांना फारसं काही कळत नाही. चाक पुढे सरकलं की पुढच्या तीन-चार सैलावतात आणि मागच्या पुन्हा ताठ होतात. तुमचाच हिशोब करा. रोज २२ किलोमीटर, महिन्याचे २२ दिवस, दहा महिने, म्हणजे ४,८४० किलोमीटर. चाकाचा घेर साधारण २.१८ मीटर. म्हणजे तुमच्या प्रत्येक तारेने आतापर्यंत बावीस लाख वेळा सैल-ताठ, सैल-ताठ केलं आहे. लहानपणी लोखंडी तार दोन बोटांत धरून मागे-पुढे वाकवत तोडली असेल ना, तसंच हे. फरक इतकाच, की तिथे दहा वेळांत काम होतं आणि इथे लाखो वेळा लागतात.

आता तार मुळातच कमी ओढलेली असेल, तर तुमच्या वजनाखाली ती नुसती सैल होत नाही, पार ढिली पडते. मग तिचं डोकं हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्याच्या, भोकात हलतं, रिमकडच्या टोकाचं निपल, म्हणजे तार आवळायची टोपी, आपोआप फिरत सुटतं, आणि जिच्यात जोर उरला आहे त्या शेजारणीवर भार येतो. वजनदार माणसाचं चाक मोडतं ते असं, ढिलेपणाने. साठ किलोच्या माणसाखालीही तेच चाक मोडलं असतं, पण दोन-तीन वर्षांनी. तोवर त्याने सायकल विकलेली असते.

तुटलेल्या तारा टाकून दिल्या नसतील तर एक काम करा. तुटली कुठे ते पाहा. हबमध्ये शिरताना तार जिथे काटकोनात वळते, त्याला आम्ही कोपर म्हणतो. कोपराशी तुटली असेल तर वर सांगितलेलंच दुखणं. कोपराच्या जरा वर, साखळीच्या बाजूला चरा पडून तुटली असेल, तर कधीतरी चेन मागच्या मोठ्या दातेरी चक्राच्या आत पडली होती आणि तिने तारा कापल्या. ते गिअरचं काम, चाकाचं नव्हे. माझी पैज कोपरावर.

कारखान्यातून येणारी स्वस्त चाकं यंत्र बांधतं. यंत्राने चाक सरळ होतं, यात शंका नाही. पण एका तारेवर शंभर किलोची ओढ आणि शेजारच्या तारेवर साठची, असं असूनही चाक अगदी सरळ फिरू शकतं. तुमच्या दुकानदाराने चार वेळा चाक सरळ करून दिलं आणि एकदाही ओढ सारखी केली नाही. शिवाय चार तुटल्या म्हणजे बाकीच्याही तेवढीच फेरी मारून आलेल्या आहेत. पाचवी कोणती एवढाच प्रश्न आहे.

जाड तारांचं म्हणाल तर नको. हे पटायला मलाच बरीच वर्षं लागली. तार लवचिक असायला हवी. दोन मिलिमीटर जाडीची साधी तार शंभर किलोच्या ओढीत जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबते. टोकांना दोन मिलिमीटर आणि मध्ये १.८ मिलिमीटर, अशी बारीक केलेली तार मिळते, तिला डबल बटेड म्हणतात. ती तेवढ्याच ओढीत जरा जास्त लांबते. रिम दबली की जास्त लांबलेल्या तारेकडे सैल व्हायला थोडी जागा शिल्लक असते, आणि दाबाचा वाटा शेजारच्या तारांकडे जातो. कोपर आणि आटे मात्र पूर्ण जाडीचे. म्हणजे जिथे तुटते तिथे जाड, जिथे ताणायचं तिथे बारीक. तुमच्या वजनाला साखळीच्या बाजूला याहून एक पायरी वरची तार घालता येते, कोपराशी २.३ मिलिमीटरच्या आसपास, मध्ये १.८, आट्यांशी दोन. मात्र ती आपल्या हबच्या भोकात जाते का, ते आधी एक तार घालून पाहावं.

आता तुम्ही म्हणाल, ताई, मग गॅसवाल्याच्या सायकलीचं काय? माझे वडीलही गिऱ्हाइकांना हाच दाखला देत. घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस, टाकी धरून तीस किलोच्या घरात. चार टाक्या लटकवल्या की १२० किलो, वर चालवणारा. काळी सायकल, २८ बाय दीडचे टायर, आणि तिच्या मागच्या चाकात तारा किती? चाळीस. पुढे बत्तीस. पण खरी मेख आकड्यात नाही. त्या सायकलीला मागे एकच चक्र असतं, त्यामुळे हबच्या दोन्ही कडा मध्यापासून जवळपास सारख्या अंतरावर आणि दोन्हीकडच्या तारा सारख्या ताठ. तुमच्या सायकलीला आठ-नऊ चक्रं बसवण्यासाठी उजवी कड आत ढकललेली आहे. उजव्या तारा उभ्या आणि ताठ, डाव्या तिरप्या आणि ढिल्या. डावीकडची ओढ उजवीच्या साठ-पासष्ट टक्केच भरते. म्हणून उजवीकडे पूर्ण ओढ दिली नाही, तर डावीकडे काही उरतच नाही.

तर करायचं काय? हब ठीक असेल आणि रिम डबल वॉलची, निपलच्या भोकांशी तडा न गेलेली असेल, तर दोन्ही ठेवा. सगळ्या तारा आणि निपल नवे घ्या, निपल पितळेचे. चाक हाताने बांधून घ्या. ३२ तारांचं नीट बांधलेलं चाक तुम्हाला पुरेल. हब-रिम नवीनच घ्यायचं ठरलं, तर मात्र ३६ भोकांचं घ्या. चार तारांचं वजन कोणाला जाणवत नाही आणि एखादी तुटली तरी घरी पोचता येतं. मी एका चाकाच्या बांधणीचे ९०० रुपये घेते आणि साधारण तीन तास लावते. कोणी वीस मिनिटांत बांधून देतो म्हणाला, तर चहा पिऊन तिथून निघा.

मागच्या चाकाचा एक्सल दोन वर्षांत तीन वेळा तुटला. वजन १०५. सायकल सात गिअरची.
— वाचक, सांगली

तुमच्या हबवर फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चक्रांचा गठ्ठा, आट्यांवर फिरवून बसवलेलं असणार. अशा हबमध्ये उजवीकडचे छर्रे फ्रीव्हीलच्या आतल्या अंगाला राहतात, आणि तिथून पुढे फ्रेमपर्यंत एक्सल आधाराशिवाय, उघड्या खांबासारखा. वजन त्या मोकळ्या तुकड्यावर येतं. आधी तो वाकतो, मग तुटतो. दहा मिलिमीटरचा कितीही चांगला एक्सल टाका, जागाच चुकीची आहे.

कॅसेटच्या, म्हणजे नुसती चक्रं सरकवून बसवायच्या, हबमध्ये फिरतं यंत्र हबच्याच अंगात असतं आणि उजवे छर्रे थेट बाहेरच्या टोकाशी बसतात, त्यामुळे मोकळा तुकडा अगदी छोटा राहतो. कॅसेटचं हब घ्या आणि त्यावर नवं चाक बांधून घ्या. फ्रेमच्या मागच्या फटीचं माप आधी घ्या. बहुतेक हायब्रिड आणि एमटीबीला १३५ मिलिमीटर असतं, जुन्या रोड सायकलींना १३०. आठ चक्रांची कॅसेट आणि तसा शिफ्टर लागेल. सात चक्रांचीच हवी असतील तर तीही मिळते, आत एक कडी टाकावी लागते. खर्च होईल, पण तीन एक्सलचा आणि तीन वेळा सायकल ढकलत आणल्याचा खर्च तुम्ही केलाच आहे.

वीस तारांची कार्बन चाकं सवलतीत मिळताहेत. वजन ११०, पण रस्ता अगदी गुळगुळीत आहे. घेऊ का?
— वाचक, छत्रपती संभाजीनगर

त्या चाकाच्या माहितीपत्रकात वजनाची मर्यादा छापलेली असते. ती वाचा. पुष्कळ कंपन्या त्या मर्यादेत माणूस, सायकल, पाण्याच्या बाटल्या आणि पाठीवरची पिशवी, सगळं धरतात. तुमचे ११०, सायकलीचे ११, दोन बाटल्या, कपडे, बूट, झाले सव्वाशे. त्यात बसलं तर घ्या. नाही बसलं तर सवलत कितीही असो, नको. आणि तो गुळगुळीत रस्ता कुठे आहे ते मला जरूर कळवा.

आमच्याकडे दोन पावसाळ्यांत तारांना गंज चढतो आणि निपल फिरतच नाहीत. आऊट काढायला गेलं की निपलचे कोपरे झिजतात नाहीतर तार पिळून तुटते. वजन ९९, म्हणून आऊट तर सारखाच येतो.
— वाचक, रत्नागिरी

तुमच्या तारा जस्ताचा मुलामा दिलेल्या असाव्यात. त्या मळक्या राखाडी दिसतात आणि लोहचुंबकाला घट्ट चिकटतात. खाऱ्या हवेत तो मुलामा टिकत नाही. स्टेनलेस तारा आणि पितळी निपल घ्या. ॲल्युमिनियमचे रंगीत निपल समुद्रकाठी अजिबात नकोत. ॲल्युमिनियम आणि स्टील खाऱ्या ओलीत एकत्र राहिले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. निपल तारेला असं धरून बसतं, की शेवटी पकडीने फोडून काढावं लागतं.

आत्ताच्या चाकासाठी : प्रत्येक निपलच्या दोन्ही तोंडांशी, म्हणजे तारेकडून आणि टायर काढून रिमच्या आतून, पातळ तेलाचा एकेक थेंब सोडा. रात्रभर राहू द्या. सकाळी आधी पाव फेरा सैल करा, मग घट्ट करा. एकदम घट्ट करायला गेलात की तार पिळते. चौथ्या-पाचव्या निपललाच हे जमेनासं झालं, तर सोडून द्या आणि नव्या तारा आणा.

मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बाबांचं वजन १०७ आहे, त्यांच्यासाठी मागचं चाक घरी बांधायचं आहे. हब, रिम, तारा आणल्या आहेत. व्हिडिओ पाहून तारा विणता येतात, पण त्यापुढे कधी थांबायचं ते कळत नाही.
— वाचिका, कोल्हापूर

तुझं पत्र वाचून मला माझं पहिलं चाक आठवलं. १९९३ साल, मी एकोणीस वर्षांची. दुकानात नेहमी येणाऱ्या एका दूधवाल्याचं चाळीस तारांचं चाक मी एकटीने बांधलं. असं सरळ बांधलं, की रिमजवळ धरलेला खडू लागेना. आठव्या दिवशी तो सायकल खांद्यावर घेऊन आला, चाकाचा इंग्रजी आठ झालेला, पँट गुडघ्यापर्यंत दुधाने भिजलेली. वडिलांनी त्याला बाकावर बसवलं, चहा सांगितला आणि मला म्हणाले, "सोड सगळ्या." चाळीसच्या चाळीस सोडायला लावल्या. मी काय केलं नव्हतं ते खाली येईलच.

तारांच्या लांबीचं तू पाहिलंच असशील. नसेल, तर हबच्या कडांचा व्यास, मध्यापासूनचं अंतर आणि रिमच्या आतला व्यास स्वतः मोजून हिशोब कर. उजवीकडच्या तारा डावीपेक्षा एक-दोन मिलिमीटर आखूड येतील. दुकानदार "सगळ्यांना एकच चालते" म्हणतात, ते चालवतात म्हणून चालते. विणताना प्रत्येक तार तीन तारांना ओलांडून जाऊ दे, हबच्या कडेच्या बाहेरून निघालेली तार तिसरीच्या आतून. हबमधून सरळ निघणाऱ्या तारांचं चाक छान दिसतं, पण मागच्या चाकात पायडलचा जोर हबपासून रिमपर्यंत तिरप्या ताराच नेतात.

आट्यांना आमच्या दुकानात जवसाचं तेल लावत. घासताना ते वंगण असतं आणि हवेने हळूहळू सुकून चिकट होतं, मग निपल रस्त्याच्या धक्क्यांनी सुटत नाही. पण प्रत्येक तार तेलाच्या वाटीत बुडवू नकोस, टोकाला पुसट लाव. वाटीतल्या तेलावर आजीचं लक्ष असेल तर आधी विचारून घे, आमच्याकडे त्यावरून भांडणं झाली आहेत.

निपल सगळे सारख्या खुणेपर्यंत आण, म्हणजे आटे जेमतेम झाकले जातील इतके. तिथून पुढे सगळ्यांना अर्धा-अर्धा फेरा, व्हॉल्व्हच्या भोकापासून सुरू करून पुन्हा तिथपर्यंत. निपलचा एक फेरा म्हणजे साधारण ०.४५ मिलिमीटर. मघाशी वरच्या उत्तरात सांगितलं, की पूर्ण ओढीत तार जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबते. म्हणजे ढिलेपणा संपल्यावर खरं काम थोड्याच फेऱ्यांचं आहे. म्हणून शेवटी पाव-पाव फेऱ्यानेच चाल. आधी वर-खालचा आऊट काढ, मग डावा-उजवा. उलटं केलंस तर दोन्ही पुन्हा काढावे लागतील.

तारा ताठ होऊ लागल्या की निपलबरोबर तारही पिळते. दोन बोटांनी तार धरून ठेवलीस तर ती फिरताना कळतं. पाव फेरा पुढे आणि थोडा मागे, असं करायचं. नव्या चाकावर पहिल्यांदा बसल्यावर टिंग-टिंग आवाज येतो, तो पिळलेल्या तारा उलगडण्याचा. तो आला तर बाबांना सांग, की चाक काढून परत दे.

आता थांबायचं कधी? ओढ मोजायचं यंत्र असेल तर उजवीकडे ११० ते १२० किलोच्या दरम्यान, आणि रिमवाल्याने दिलेली मर्यादा त्याहून कमी असेल तर तिथे. यंत्र नसेल, तर कानाने. एका बाजूच्या तारा एकामागून एक नखाने छेड, तानपुरा लावतात तशा. डाव्यांचा आवाज उजव्यांपेक्षा खालचा येईल, ते ठीक. पण उजव्यांमध्ये एखादी खर्जात आणि शेजारची वर, असं नको. तशी जोडी सापडली की खालचीला पाव फेरा घट्ट, वरचीला पाव सैल. चाक किंचित वाकडं होईल, होऊ दे. अर्धा मिलिमीटर आऊट बाबांना कधीच कळणार नाही, आणि ढिली तार मात्र चाकाला पहिल्या दिवसापासून कळते.

आणि आता ते, जे मी १९९३ साली केलं नव्हतं. चाक मांडीवर घे. हातमोजे घाल. एकाच बाजूच्या दोन समांतर तारा एका मुठीत धर, त्यांच्या समोरच्या दोन दुसऱ्या मुठीत, आणि जीव खाऊन दाब. असं चाकभर, दोन वेळा. कारखान्यात तारेचं कोपर वाकवतात तेव्हा तिथे थोडा आडमुठा ताण शिल्लक राहतो. तू दाबतेस तेव्हा तिथल्या ताणाने कळस गाठला की धातू थोडासा नमतो आणि मग शांत बसतो. तो कोपरात राहिला तर लाखो फेऱ्यांत तिथूनच तडा जातो. शिवाय या दाबण्याने तारा हबवर नीट बसतात. दाबल्यावर आऊट पुन्हा येईल, ओढही थोडी उतरेल. पुन्हा काढ, पुन्हा दाब. दाबूनही आऊट येईनासा झाला की चाक झालं.

रिम हबच्या बरोबर मध्यावर आहे का, ते पाहायला खास यंत्र लागत नाही. चाक फ्रेममध्ये लाव, एका नळीपासून रिमचं अंतर मोज. मग चाक उलटं करून लाव आणि त्याच नळीपासून पुन्हा मोज. दोन्ही अंतरं सारखी यायला हवीत.

त्या दूधवाल्याचं चाक मी दुसऱ्यांदा बांधलं तेव्हा तळहातांना फोड आले होते. तो पुढे बरीच वर्षं आमच्याकडे येत राहिला, पण चाकासाठी नाही, पंक्चरसाठी.

वजन १०२. दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळात पुरी करायची लांब सायकलफेरी, करायची आहे. दुकानात गेले तर मुलगा माझ्याकडे वरून खाली पाहून म्हणाला, "मॅडम, तुमच्यासाठी जिमची सायकल बरी." टायर कोणता घेऊ एवढंच विचारायचं होतं.
— वाचिका, नागपूर

त्या मुलाचं नशीब, की तुमच्या जागी मी नव्हते.

टायर ३८ ते ४२ मिलिमीटर रुंदीचा घ्या, फ्रेममध्ये बसत असेल तर. सायकलीला आत्ता २८ चा असेल तर तो बदलाच. त्यात आपल्याला हवा इतकी ठासून भरावी लागते, की प्रत्येक खड्डा थेट रिमला आणि तारांना जाऊन भेटतो. रुंद टायरमध्ये तीच वजनदार व्यक्ती कमी हवेवर चालते, आणि रिम खड्ड्याच्या काठावर आपटत नाही. आपटली, की ट्यूबला सापाने चावल्यासारखी शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. हे तुम्ही नक्की पाहिलं असेल.

३८ च्या टायरला मागे ६० आणि पुढे ५० पीएसआयने सुरुवात करा. टायरवर आणि रिमवर छापलेल्या कमाल आकड्याच्या आत राहायचं. मग आठवडाभर दर दिवशी दोन-दोन पीएसआय कमी करत जा. वळणावर मागचं चाक लिबलिबीत वाटलं किंवा रिम आपटली, की तिथून चारने वर या. तो तुमचा आकडा. उन्हाळ्यात दुपारी सायकल उन्हात उभी करणार असाल, तर हवा सावलीत मोजा.

दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास असतात. थांबे धरून ताशी पंधराच्या खाली सरासरी लागते, ती जमेल. पण जायच्या आधी महिनाभर नव्या चाकावर चारशे-पाचशे किलोमीटर घाला आणि मग एकदा ओढ तपासून घ्या. पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये जे बसायचं असतं ते बसतं, त्यानंतर ते चाक बराच काळ तुमच्याकडे काही मागत नाही. कॅरिअरवर दोन जादा तारा टेपने चिकटवून ठेवा, उजवीच्या लांबीची एक, डावीच्या लांबीची एक.

आणि टायर दुसऱ्या दुकानातून घ्या.

पसरणी घाटात उतरताना रिम इतकी तापली, की हात लावला तर चटका बसला. वजन ११३, ब्रेक रबराचे. धोका आहे का?
— वाचक, वाई

आहे. पाचगणीहून वाईला येताना तुम्ही पाचशे मीटरहून जास्त उतरता, आणि सायकलीसकट तुमची ती सगळी ऊर्जा दोन रिमांमध्ये उष्णता होऊन शिरते. आतली हवा तापून ट्यूब फुटू शकते. ब्रेक सतत चोळत ठेवू नका. जोरात दाबा, वेग उतरवा, सोडा. मागचा-पुढचा दोन्ही वापरा. मध्ये एकदा थांबून घाट बघा, रिमही निवते.

आणि रिमची ब्रेकची बाजू नखाने तपासा. खोलगट लागली तर ती झिजली आहे. झिजलेली रिम हवेच्या दाबानेच एखाद्या दिवशी काठातून फाटते. पुढची सायकल डिस्क ब्रेकची घ्या, रिम तापायचीही नाही आणि झिजायचीही नाही. तेव्हा एक ध्यानात ठेवा : डिस्क पुढच्या हबला डावीकडे असते, त्यामुळे पुढच्या चाकातही डाव्या तारा जास्त ताठ लागतात. पुढचं चाक सोपं म्हणून दुर्लक्ष करण्याचे दिवस गेले.

ताई, तुमच्या स्वतःच्या सायकलीला कोणती चाकं आहेत?
— बऱ्याच जणांचा प्रश्न

मागे ३६ तारांचं. हब जुन्या बाजारातून घेतलेलं, छर्रे आणि कोन बदललेले. रिम एकदा बदलली, ती पुलावरच्या लोखंडी जोडात आपटली म्हणून. उजवीकडे कोपराशी जाड तारा, डावीकडे साध्या डबल बटेड, निपल पितळी, टायर ४० चा. ते चाक मी एका रविवारी सकाळी आठला बसून दुपारच्या जेवणापर्यंत बांधलं होतं, आणि जेवणाला उशीर झाला म्हणून घरात अबोला होता.

पुढच्या चाकाला गेल्या गणपतीपासून दोन मिलिमीटर आऊट आहे. ब्रेकला घासतो, चर-चर आवाज येतो. शेजारच्या मुलाने परवा विचारलं, "काकू, हे कधी करणार?" गिऱ्हाइकांची अकरा चाकं भिंतीला टेकून उभी आहेत, त्यांच्यानंतर.